हसू नेमकं कुठे अडलं?

ताई,

१२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी मी एक विनोदी अद्भुत कादंबरी लिहिली. १३ वर्षांच्या मुलीला आजीच्या जुन्या पेटीत एक भूत सापडतं. ते अंधाराला घाबरतं आणि त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. त्याच्या नादानं ती जादू शिकते. पण ही जादू फुकट नाही. दर मंत्रामागे आपली एक आठवण द्यायची, आणि तीही भूतखात्याच्या कारकुनाकडे रीतसर अर्ज करून, तीन प्रतींत.

पुस्तक येऊन आठ महिने झाले. वाचनगटांतून, ओळखीपाळखीच्यांकडून, प्रकाशकाकडे आलेल्या पत्रांतून वाचकांची मतं येत राहिली आणि मी ती सगळी एका वहीत उतरवली. एक मुलगा म्हणतो, हसून हसून पुरेवाट झाली. दुसरी म्हणते, पानोपानी विनोद, जरा दम तरी घेऊ द्या. ‘तळटीपांसाठी पुस्तक पुन्हा उघडलं’ आणि ‘तळटीपांनी जीव खाल्ला’ ही दोन्ही मतं एकाच वर्गातली. एका गृहस्थांनी ‘पोरकट’ एवढा एकच शब्द लिहिला. एका आईनं विचारलं, मुलांच्या पुस्तकात मरणावर विनोद कशाला? कुणी म्हणालं, ही इंग्रजी पुस्तकांची नक्कल. कुणी म्हणालं, मजा आली पण कसलीच भीती वाटली नाही. एका १४ वर्षांच्या मुलीनं लिहिलं, ‘ती आजीचा आवाज विसरते तिथे मला रडू येणार होतं, पण मग कारकून शिंकला.’ आणि ११ वर्षांच्या एका मुलानं मत दिलंच नाही, नुसतं विचारलं, ‘दिलेल्या आठवणी त्या खात्यात नंतर कुठे ठेवतात?’

दुसऱ्या भागाचे सात धडे लिहून पडलेत. आता प्रत्येक विनोदापाशी हात थबकतो. विनोद कमी करू? तळटीपा उडवू? की ही मतं वाचणंच बंद करू?

– तीन प्रतींतली लेखिका

प्रिय लेखिकाबाई,

पत्रासोबत पुस्तकही धाडलंत ते बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी तुम्हाला ‘लोक काय, बोलतातच’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. पुस्तक वाचल्यावर तसं लिहिता येईना.

तुमच्या वहीतलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘पण मग कारकून शिंकला.’ तुम्ही मला जे विचारलंय त्याचं उत्तर त्या मुलीनं आधीच दिलेलं आहे. त्याकडे येतेच, पण आधी वहीबद्दल बोलू.

तुम्ही मतं उतरवताना कोण काय म्हणालं ते लिहिलंत, पण दोन ठिकाणचं सोडलं तर वय लिहिलं नाहीत. विनोदी पुस्तकाच्या बाबतीत ही मोठी उणीव. १२ वर्षांचं मूल आणि १५ वर्षांचं मूल हे एकाच पुस्तकाचे वाचक असले तरी हसायच्या बाबतीत दोन वेगळे प्राणी आहेत. कारकून दर वेळी ‘तीन प्रतींत’ म्हणतो, यातली गंमत १२ वर्षांच्या वाचकाला दर खेपेस वाढत जाते. तो वाक्य येण्याआधीच हसायला बसलेला असतो. १५ वर्षांच्या वाचकाला तिसऱ्या खेपेला संकोच वाटायला लागतो, कारण आपण गेल्या वर्षी कशाकशाला हसत होतो हे लपवण्याचं ते वय. ‘दम घेऊ द्या’ म्हणणारी मुलगी १५च्या आसपासची निघाली तर मला नवल वाटणार नाही. तिचं खोटं नाही आणि त्या पुरेवाट झालेल्या मुलाचंही नाही. त्यांची सरासरी काढून मधलं पुस्तक लिहायला बसलात तर ते दोघांपैकी कुणाचंच होणार नाही.

दुसरं म्हणजे, न जमलेल्या विनोदाचा राग वाचकाला फार येतो. करुण प्रसंगानं डोळ्यांत पाणी आलं नाही तर माणूस म्हणतो, मला काही वाटलं नाही बुवा, आणि पान उलटतो. हसू आलं नाही तर मात्र त्याला वाटतं की कुणीतरी बळंच गुदगुल्या करतंय. म्हणून अशा पुस्तकांवरची मतं नेहमी टोकाला जातात. त्यांच्या तिखटपणावरून पुस्तकाची प्रत ठरवायची नसते.

‘पोरकट’ म्हणणाऱ्या गृहस्थांचं काय करायचं? काही नाही. पोरांसाठीच लिहिलंय. पण अशी मतं एका युक्तीनं येतात, ती ओळखून ठेवा: मोठा माणूस स्वतःचं मत मुलाच्या तोंडी घालतो. ल्युइस कॅरलचं ॲलिसचं पुस्तक १८६५ साली आलं, तेव्हा ‘अथेनियम’ या नियतकालिकातल्या परीक्षणकर्त्यानं लिहिलं होतं की खरं मूल असेल तर या ओढूनताणून रचलेल्या गोष्टीनं मोहून जाण्याऐवजी गोंधळूनच जाईल. ‘मी गोंधळलो’ असं त्याला म्हणता आलं असतं, पण त्यानं मूल पुढे केलं. (यावरून तुमचं पुस्तक दीडशे वर्षं टिकेल असं समजू नका हं. टीका झालेली बहुतेक पुस्तकं टिकत नाहीत, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही इतकंच.) ‘मुलांना हे कळणार नाही’ असं मोठ्यांचं मत तुमच्या वहीत असेल तर त्यापुढे पेन्सिलीनं लिहा: मूल कोणतं?

याच चुकीची शिकार मीही एकदा झाले आहे, किंवा खरं सांगायचं तर मी शिकार केली आहे. मुलांसाठीच्या मजकुराचं संपादन करायचे तेव्हाची गोष्ट. क्रमशः छापत होतो त्या कथेत एक राक्षस होता, त्याला सातनंतर नऊ यायचा. आठ त्याच्या गावीच नव्हता. एका वडीलधाऱ्या वाचकांचं खरमरीत पत्र आलं की मुलांचं गणित बिघडेल. मी घाबरून पुढच्या हप्त्यातलं त्याचं मोजणं काढलं. मग मुलांची पत्रं यायला लागली: राक्षस बरा आहे ना? एकीनं तर त्याच्यासाठी आठचा आकडा रंगवून पाठवला होता. गणित कुणाचंच बिघडलेलं दिसत नव्हतं.

नक्कल झाल्याचा आरोप मी थोडक्यात निकाली काढते. बोलकं भूत आणि जादूचं सरकारी खातं ही कुणाची जहागीर नाही. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबऱ्यांमध्ये मृत्यू हे पात्र इंग्रजी मोठ्या लिपीत बोलतं, त्याला अवतरणचिन्हंही लागत नाहीत. वाचकाला अक्षराच्या आकारावरून कळतं कोण बोलतंय. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. तिथे तुम्ही कारकुनाला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘सबब आपली आठवण जमा करून घेण्यात येत आहे’ असं बोलायला लावलंत. नाव न घेता तो ओळखू येतो. हे नाणं तुमच्याच टांकसाळीतलं आहे, निर्धास्त राहा.

तळटीपांवर मात्र थांबायला हवं, कारण तिथे दोन्ही बाजूंचे वाचक बरोबर आहेत. मी तुमच्या सगळ्या तळटीपा ओळीनं वाचल्या. पहिल्या पाच धड्यांत त्या कारकुनाच्या आहेत. तो मजकुरावर शेरे मारतो, नियम दाखवतो, मध्येच स्वतःच्या रजेचं रडगाणं गातो. सहाव्या धड्यापासून त्या कुणाच्याच नाहीत. म्हणजे तुमच्या आहेत. तुम्हाला सुचलेला आणि वर कुठे न बसलेला विनोद खाली टाकलेला आहे. जोनाथन स्ट्राउडच्या २००३ साली आलेल्या ‘द अम्युलेट ऑफ समरकंद’मध्ये जिन्न स्वतःची गोष्ट सांगतो आणि तळटीपाही त्याच्याच, त्याच्याच आढ्यतेनं भरलेल्या. वाचक तिथे पानाच्या तळाशी जातो तो त्या जिन्नाला भेटायला. तळटीपेला मालक हवा. तो असला की ती पात्र होते, नाहीतर ती लेखकाची खोड होते. वर्गातल्या त्या दोन मुलांना विचारा कुठली टीप आवडली आणि कुठली नाही. माझा अंदाज, दोघं वेगवेगळ्या धड्यांबद्दल बोलत असतील.

आता शिंकेकडे येते.

तुमच्या कादंबरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट भूत नाही, कारकूनही नाही. तो नियम आहे: जादूची किंमत आठवणीत. अशा गोष्टींमध्ये हसू येतं ते नियम कडक असल्यामुळे. ई. नेस्बिटच्या १९०२ सालच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’मध्ये वाळूतला एक चिडका प्राणी मुलांची रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की ती विरते. मुलं अतिसुंदर होण्याचा वर मागतात आणि घरातली माणसं त्यांना ओळखत नाहीत म्हणून दिवसभर उपाशी बाहेर राहतात. सोनं मागतात तर ती जुनी नाणी कुणी घेईना. नेस्बिट कुठेही नियम सैल करत नाही, म्हणूनच मजा येते. तुम्हीही अकराव्या धड्यापर्यंत तसंच केलंत. नायिका सतराचा पाढा देते आणि परीक्षेत अडकते. वर्गातल्या वैरिणीची आठवण देते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी इतक्या प्रेमानं बोलते की ती वैरीणच घाबरते. या प्रसंगाला मी एकटी घरात मोठ्यानं हसले.

बाराव्या धड्यात ती गेलेल्या आजीच्या आवाजाची आठवण देते. इथवर हसवत आणलेला तोच नियम इथे उलटा होतो, आणि वाचकाला कळतं की आपण इतका वेळ कशाला हसत होतो. फार थोड्या लेखकांना अशी जागा सापडते. तुम्हाला सापडली, आणि पुढच्याच ओळीत कारकून शिंकला, अर्ज उडाले, भूत टेबलाखाली गेलं, धडा संपला. तेराव्यात पाठलाग सुरू. आजीचा आवाज गेला तो गेलाच. नायिकेला त्याची उणीव भासायला तुम्ही अर्धं पानसुद्धा दिलं नाही.

आता वही पुन्हा उघडा. ‘दम घेऊ द्या.’ ‘कसलीच भीती वाटली नाही.’ ‘मरणावर विनोद कशाला?’ मला तर वाटतं, यातली निम्मी मतं एकाच पानावरून आलेली आहेत. वाचकाला बोचतं एकीकडे आणि तो बोट ठेवतो भलतीकडे. त्याला काहीतरी हुकल्याची जाणीव असते, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. मग जे ठळक दिसतं त्याला तो दोष देतो, आणि तुमच्या पुस्तकात ठळक दिसतात ते विनोद. १४ वर्षांच्या मुलीला नेमकं सांगता आलं, कारण तिनं मत न देता काय झालं ते लिहिलं: रडू येणार होतं, आलं नाही, मध्ये शिंक होती.

त्या आईच्या आक्षेपाचंही मला तसंच वाटतं. मुलांच्या विनोदी पुस्तकात मरण चालतं. प्रॅचेटचं बोलक्या मांजराचं आणि उंदरांचं ‘द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स’ हे मुलांसाठीचं पुस्तक. त्यात सापळे आहेत, विष आहे, मरणारे उंदीर आहेत, आणि तरी ते जागोजागी हसवतं. त्याला मुलांच्या पुस्तकांसाठी ब्रिटनमध्ये दिलं जाणारं २००१ सालचं कार्नेगी पदक मिळालं. तिथे मरणाऱ्याचं मरण खरं आहे. तुमच्या पुस्तकात आजीचं जाणं विनोदाखाली दबलं म्हणून त्या आईला थट्टा वाटली असावी.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर ‘एकच प्याला’ घ्या. गडकऱ्यांचा तळीराम प्रेक्षकांना इतकं हसवतो की दारूच्या नाटकात दारुड्यावर जीव जडावा. पण सिंधूच्या शेवटच्या प्रवेशात तळीराम नाही. गडकऱ्यांना विनोद सुचत नव्हता म्हणून तो नाही, असं कोण म्हणेल?

मग तुमच्याकडे शिंक का आली? मी अंदाज करते, चुकला तर सोडून द्या. ते आजीच्या आवाजाचं वाक्य लिहिल्यावर तुम्हालाच भरून आलं, आणि घरात कुणी रडायला लागलं की आपण ‘चहा टाकू का’ म्हणून उठतो तसं तुम्ही केलंत. विनोदी लिहिणाऱ्यांची ही जुनी पळवाट. मी त्यांच्यात वावरले आहे म्हणून सांगते. फार हळवी मंडळी असतात.

म्हणून विनोद कमी करू नका. दुसऱ्या भागात मोजून दहा विनोद काढलेत आणि अशा जागी एक ठेवलात तर वाचक पुन्हा म्हणेल, विनोद जास्त झाले. विनोद कुठे थांबतो तेवढं बघा. माझ्या हातात असतं तर बाराव्या धड्यात कारकुनाला शिंक येऊ दिली असती आणि त्यानं ती दाबली असती. पुस्तकभर शिंकणारा माणूस या एका अर्जापुढे नाक दाबून उभा राहिला, एवढंच. पण हे माझं ऐकू नका. संपादकांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवायची खोड असते.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान बदलावं का, हेही तुमच्या मनात येईल. बदलायला हरकत नाही. टोल्किननं ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये छापलं आणि पुढच्या कथेशी जुळेना म्हणून १९५१च्या आवृत्तीत त्यातल्या कोड्यांच्या धड्याचा बराच भाग नव्यानं लिहिला. पण आधी दुसरा भाग पुरा करा. त्या भागाला पहिल्याकडून काय हवंय ते तेव्हाच कळेल.

सात धडे लिहून झालेत म्हणता, तर ही वही आजच कुणाकडे तरी ठेवायला द्या. अशा माणसाकडे, जो मागितलीत तरी देणार नाही. पहिल्या खर्ड्यात विनोद सुचला की लिहायचा, फुटकळ असला तरी, दोनदा आला तरी. लिहितानाच छाटायला लागलात तर उरलेल्या वाक्यांतलाही जीव जातो, आणि तुमचा थबकलेला हात म्हणजे तीच छाटणी आहे. खर्डा पुरा झाला की पाच-सहा मुलं गोळा करा, दोन वयांची, आणि मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांच्याकडे पाहत वाचा. ‘आवडलं का’ विचारू नका, ती तुमच्या तोंडाकडे बघून हो म्हणतील. ऐकताना कोण कधी चुळबुळलं त्याची खूण पानाच्या कडेला करत जा. नंतर विचारायचंच असेल तर विचारा की घरी जाऊन यातलं काय सांगाल. मूल जे सांगेल ते पुस्तकात आहे. जे सांगणार नाही ते तुम्हाला कितीही प्रिय असलं तरी अजून तुमच्याच डोक्यात आहे.

मोठ्यांच्या आक्षेपांना उत्तरं देऊ नका. विनोद समजावून सांगण्याची पाळी आली की तो विनोदही जातो आणि समजावणाराही केविलवाणा दिसतो. त्या आईला वाटलं तर दोन ओळी लिहा, भांडायला नव्हे, मुलानं स्वतः ते पान वाचून काय म्हटलं ते विचारायला. १४ वर्षांच्या मुलीचे आभार मानाच. शिंकेचं स्पष्टीकरण नको, ‘तुझं बरोबर आहे’ एवढं पुरे. इतकं नेमकं वाचणारं माणूस या वयात भेटणं दुर्मीळ आहे. दुसऱ्या भागाचा खर्डा आधी तिलाच द्या.

आणि त्या ११ वर्षांच्या मुलाला उत्तर द्यायची घाई करू नका. दिलेल्या आठवणी खात्यात नंतर कुठे ठेवतात, असं तो विचारतो. तुम्ही सात धडे लिहिलेत आणि मला खात्री आहे की त्यांत हे कुठेही नाही, कारण तुम्ही हा प्रश्न स्वतःला विचारलाच नसावा. पहिल्या धड्यात, केवळ गंमत म्हणून, तुम्ही लिहिलंत की पेटीतल्या भुताला स्वतःचं नाव आठवत नाही. ते वाक्य आणि त्या मुलाचा प्रश्न एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि आठवा धडा तिथून सुरू करून बघा.

तुमची,
ताई